किल्ली कोणाच्या हाती? खुलं तंत्रज्ञान, युरोपचं धोरण आणि आपली मराठी



विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की पैनगंगेच्या काठी बसून युरोपच्या संगणकधोरणाची चौकशी कशाला करायची? शंका रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर आधी देतो. सातबारा, जन्माचा दाखला, रेशनकार्ड, पीक पाहणी, मुलांच्या गुणपत्रिका, पतसंस्थेतलं खातं, या सगळ्यांची जागा पूर्वी कपाटात होती, आता ती संगणकात आहे. कपाटाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली तलाठ्याकडे आहे की ग्रामसेवकाकडे, हे आपण सरळ विचारतो. संगणकातल्या कपाटालाही कुलूप असतं. त्याची किल्ली कोणाकडे असते, एवढाच आजचा विषय आहे. युरोपात गेली वीसएक वर्षं हा प्रश्न सरकारी पातळीवर विचारला जातोय आणि आता त्यावर कायदेही झालेत. पण सुरुवात आपण घरातून करू. कारण किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की काय होतं, याचा अनुभव मराठीने भरपूर घेतलेला आहे.

न वाचता येण्याचे तीन प्रकार

मजकूर मराठीच असतो, पण मराठी माणसाला तो वाचता येत नाही, असं आपल्याकडे तीन वेळा झालं. तिन्ही प्रकार वरून सारखे दिसतात, आतून मात्र फार वेगळे आहेत.

पहिला प्रकार मोडीचा. महाराष्ट्राचा कारभार कित्येक शतकं मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली आणि एकदोन पिढ्यांत आजोबांचा कागद नातवाला परका झाला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुने दस्त वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. एका लिपीच्या ज्ञानावर जिवंत माणसांचे दाखले अवलंबून राहिले. तरी मोडीचं एक बरं आहे. तिची बाराखडी छापील पुस्तकांत मिळते, तिचे वर्ग चालतात आणि चिकाटी असेल तर कोणीही ती शिकू शकतो. त्यासाठी परवानगी लागत नाही. मोडीची किल्ली आपण विसरलो आहोत, पण ती कोणाच्या मालकीची नाही.

दुसरा प्रकार सकळ लिपीचा. म्हाइंभटांचं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. आपल्या जिल्ह्यातली लोणार, मेहकर ही गावं त्यात येतात. पण महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. भाषा मराठी, अक्षरांची अदलाबदल मात्र पंथातल्यांनाच ठाऊक. परिणाम असा झाला की बाकीच्या महाराष्ट्राला आपलं सर्वांत जुनं गद्य शेकडो वर्षं ठाऊकच नव्हतं. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मग मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणं नव्याने लिहावी लागली. इथे पंथाला दोष देण्याचं कारण नाही. ग्रंथ त्यांचे, श्रद्धा त्यांची, आणि त्यांचं रक्षण करायची गरजही त्यांची होती. खाजगी वस्तूला कुलूप लावण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तो ध्यानात ठेवा.

तिसरा प्रकार मात्र आपल्या डोळ्यांदेखत घडला आणि त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. तो म्हणजे मराठी फॉन्टचा.

अक्षराचा नंबर कोण ठरवणार?

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. ‘क’ साठवायचा म्हणजे त्याला एक नंबर द्यायचा. तो नंबर कोणी द्यायचा? १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याचं एक कोष्टक प्रमाण म्हणून जाहीर केलं. त्याला इस्की म्हणतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला होता. म्हणजे सर्वांसाठी एक सामाईक कोष्टक होतं.

छपाईच्या धंद्याने मात्र दुसरी वाट धरली. नव्वदच्या दशकात गावोगाव डीटीपीची दुकानं निघाली. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशी नावं त्या काळी लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून साप्ताहिकाच्या संपादकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. या फॉन्टची युक्ती अशी होती, की रोमन अक्षरांसाठी असलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका जागी काना, एका जागी अर्धा ‘त’, आणखी एका जागी रफार. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पडद्यावर मराठी दिसायची, पण आत साठवलेलं असायचं रोमन चिन्ह. फॉन्ट हा त्यावर चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट काढून घेतला की खाली उरायचा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग.

या कंपन्यांनी वाईट केलं, असं आम्ही म्हणत नाही. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या संगणकांत मराठी धड दिसतही नव्हती, तेव्हा यांनीच ती पडद्यावर आणली. ते ऋण मान्य केलं पाहिजे. पण झालं काय, की हे कोष्टक ज्याच्या त्याच्या मालकीचं राहिलं. एका दुकानात बनवलेली फाईल दुसऱ्या दुकानात उघडेना. कार्यालय एकदा एका फॉन्टला बांधलं गेलं की पुढची खरेदीही त्याच्याकडूनच. त्या पंधरा-वीस वर्षांतल्या पुस्तकांच्या, साप्ताहिकांच्या, प्रबंधांच्या आणि सरकारी परिपत्रकांच्या किती फाईली आज उघडतात, ते आपापल्या गावच्या छापखान्यात जाऊन विचारा. रूपांतर करणारी साधनं आहेत, त्यांतली काही हौशी मंडळींनी स्वतःच्या वेळात बनवून फुकट दिलेली आहेत. पण जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी यांची गल्लत होते आणि मग कोणाला तरी ओळ न् ओळ तपासत बसावं लागतं.

मोडीची किल्ली हरवली, पण ती सर्वांची होती. सकळ लिपीची किल्ली पंथाची होती आणि ग्रंथही पंथाचेच होते. इथे कागद सार्वजनिक होता आणि किल्ली खाजगी. ही जोडी घातक असते. सार्वजनिक कागदाची किल्ली सार्वजनिकच असली पाहिजे, हे आजच्या व्याख्यानाचं सूत्र समजा.

यातून आपण बाहेर कसे पडलो? युनिकोडमुळे. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच उघडं कोष्टक, ही त्यामागची कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीला त्यात सलग १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. युनिकोड अक्षराचे तुकडे साठवत नाही, मूळ वर्ण साठवतो. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. तो कसा रेखायचा, ते फॉन्टने पाहायचं. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर शाबूत राहतो.

कोष्टक उघडं असलं की आणखी एक गोष्ट होते. त्यातली उणीव दिसते आणि ती भरून काढा असं म्हणता येतं. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही, एकाने प्रवचन होतं, दुसऱ्याने स्वयंपाक. हिंदीला हा दुसरा ‘र’ लागत नाही. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनांत तो गाळला जायचा. युनिकोडमध्ये तो लिहिण्याची सोय आहे. ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. मोडीलाही २०१४ मध्ये मिळाली. मग खुल्या परवान्याचे फॉन्ट आले. रेड हॅट कंपनीने दिलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. आज देऊळघाटातून पाठवलेला मराठी निरोप फिनलंडमधल्या मोबाइलवर मराठीतच उघडतो, तो या उघड्या कोष्टकामुळे.

फुकट आणि मुक्त

आता शब्द नीट लावून घेऊ. खुलं मानक म्हणजे असं कोष्टक, जे सर्वांना पाहता आणि वापरता येतं. युनिकोड हे त्याचं उदाहरण. मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा मूळ कोड पाहता येतो. त्याच्या परवान्यात चार मुभा असतात. कोणत्याही कामासाठी वापरा, आत उघडून समजून घ्या, दुसऱ्याला द्या, आणि सुधारून सुधारलेलं द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या कामाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच गाभा आहे.

फुकट आणि मुक्त यांत गल्लत करू नका. मोबाइलवरची कितीतरी ॲप फुकट असतात आणि तरीही पूर्ण बंद असतात. ती आत काय करतात, आपलं काय काय बाहेर नेतात, ते कळायला मार्ग नसतो. उलट मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवायला, शिकवायला, सांभाळायला पैसे द्यावेच लागतात. फरक इतकाच, की पैसे कोणाला द्यायचे ते आपण ठरवतो. एका कारागिराशी पटलं नाही तर दुसरा बोलावता येतो.

आमचा विषय तत्त्वज्ञानाचा, म्हणून कांटचा एक विचार इथे मांडतो. १७९५ मध्ये ‘शाश्वत शांतता’ या निबंधात त्याने राज्यव्यवहाराला एक कसोटी लावली. दुसऱ्यांच्या हक्कांना स्पर्श करणारं कृत्य ज्या तत्त्वावर चाललं आहे, ते तत्त्व जाहीर करणं परवडत नसेल, तर ते कृत्य अन्यायाचं आहे. आता पाहा. कायदा राजपत्रात छापल्याशिवाय लागू होत नाही. पण एखाद्या योजनेच्या यादीत कोणाचं नाव बसेल आणि कोणाचं गळेल, हे आता संगणकाचा प्रोग्रॅम ठरवतो. म्हणजे तो प्रोग्रॅमही एक नियमच झाला. मग तो जाहीर का नको? कोरोनाच्या काळात आरोग्य सेतू ॲप घेण्याचा आग्रह झाला, तेव्हा हाच प्रश्न देशभर विचारला गेला आणि २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला. उशिरा का होईना, प्रश्न विचारल्याचा उपयोग झाला.

युरोपने काय केलं

युरोपातल्या सरकारांना जाणवलं, की आपली कार्यालयं, इस्पितळं, न्यायालयं परदेशी कंपन्यांच्या, त्यातही प्रामुख्याने अमेरिकन कंपन्यांच्या बंद सॉफ्टवेअरवर चालतात. किंमत त्या ठरवणार, अटी त्या बदलणार. याला तिकडे डिजिटल सार्वभौमत्वाचा प्रश्न म्हणतात.

२००७ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःचा मुक्तस्रोत परवाना काढला. त्याची गंमत अशी, की तो संघाच्या अनेक अधिकृत भाषांत आहे आणि प्रत्येक भाषेतली प्रत कायद्याने सारखीच प्रमाण आहे. ‘इंग्रजी मूळ, बाकी भाषांतर’ असं नाही. आपल्यासारख्या बहुभाषक देशाने याची नोंद घ्यावी. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलाने २००५ पासून पायरीपायरीने काम केलं. आधी फक्त लिखापढीचं सॉफ्टवेअर बदललं, माणसांची सवय मोडू दिली आणि मग २००८ पासून लिनक्सवर गेलं. आज ७०,००० हून जास्त संगणक त्यावर आहेत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये जवळपास ३०,००० सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘इंटरऑपरेबल युरोप’ कायदा अमलात आला. एका देशाच्या कार्यालयाने बनवलेलं साधन मागणी झाल्यास दुसऱ्या देशाच्या कार्यालयाला द्यावं, आणि काम, खर्च, सुरक्षा सारखी असेल तर जाचक परवान्याच्या अटी नसलेलं साधन आधी निवडावं, असा त्याचा रोख आहे.

पण सगळी कहाणी यशाचीच नाही. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, काही वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने पुन्हा खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य जाहीर केलं. नेतृत्व बदललं की धोरण बदलतं, हे आपल्याला काही नवीन नाही. फ्रेंच पोलिसांनी सावकाश चालून जे टिकवलं, ते म्युनिकला टिकवता आलं नाही.

विहिरीचा गाळ

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कोड सगळ्यांना दिसतो, तर चोरालाही दिसेल की. बरोबर आहे. मार्च २०२४ मध्ये असंच उघडकीला आलं. एक्सझेड नावाचं एक लहानसं साधन जगातल्या असंख्य लिनक्स संगणकांत असतं. ते एक माणूस, तोही फावल्या वेळात, सांभाळत होता. कोणीतरी टोपणनावाने दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी त्यात चोरवाट घुसवली. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याला संशय आला. कोड उघडा होता म्हणून त्याला आत जाऊन पाहता आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो फक्त तक्रार करू शकला असता.

पण यातला खरा धडा दुसराच आहे. गावाची विहीर सगळे भरतात, गाळ काढायला मात्र कोणी उतरत नाही, तशी ही गत. अब्जावधींचा व्यवहार ज्यावर चालतो ते सांभाळायला एक दमलेला माणूस. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला, तो याच जाणिवेतून. २०२४ मध्ये युरोपने सायबर सुरक्षेचा नवा कायदा केला. त्याच्या पहिल्या मसुद्याने हौशी कार्यकर्त्यांवरही कंपन्यांइतकीच जबाबदारी येईल अशी भीती होती. कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि अंतिम कायद्यात सॉफ्टवेअर विकून नफा कमावणारा आणि ते निरपेक्षपणे सांभाळणारा यांत फरक केला गेला. धोरण म्हणजे हेच. विहीर सर्वांची ठेवायची आणि गाळ कोण काढणार, त्याचा खर्च कोण देणार, हेही लिहून ठेवायचं.

आपण काय विचारायचं?

भारतात धोरण नाही असं नाही. खुल्या मानकांचं केंद्रीय धोरण २०१० मध्ये झालं. २०१५ च्या धोरणानुसार केंद्र सरकारच्या कार्यालयांनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं आहे आणि ते का घेतलं नाही, याचं कारण नोंदवायचं आहे. केरळने शाळांतून संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवायला घेतला आणि तिथे ती आता नेहमीची गोष्ट झाली आहे. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने घराघरांत संगणक पोचवला, हे मोठंच काम झालं. पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज, अशी समजूतही पक्की झाली. ड्रायव्हिंग शिकणं आणि एकाच कंपनीची गाडी चालवायला शिकणं, यांतला हा फरक आहे.

देऊळघाटची ग्रामपंचायत युरोपसारखा कायदा करू शकत नाही. पण ग्रामसभा प्रश्न विचारू शकते. शाळा, वाचनालय, पतसंस्था यांचे सभासदही विचारू शकतात. नवीन सॉफ्टवेअर येईल तेव्हा चार प्रश्न विचारा. एक, आपली सगळी माहिती, आपल्याला हवी तेव्हा, दुसऱ्या साधनात उघडेल अशा रूपात काढून मिळेल का? दोन, मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो का? तीन, उद्या ही कंपनी बंद पडली किंवा तिने दर वाढवले, तर दुसरा कोणी हे चालवू शकेल का? चार, सार्वजनिक पैशातून हे बनवलं असेल, तर त्याचा कोड जनतेचा का नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं करारावर सही होण्याआधी लेखी घ्या. सही झाल्यावर मिळणारं उत्तर म्हणजे बहुधा पुढच्या वर्षाचं बिल असतं.

तरुण मुलामुलींना आणखी एक सांगणं. तुमच्या घरी किंवा गावच्या छापखान्यात जुन्या फॉन्टमधल्या फाईली असतील, गावच्या स्मरणिका, शाळेची वार्षिकं, कोणाच्या आठवणी, तर त्या या वर्षी युनिकोडमध्ये आणा. साधनं फुकट आहेत, तपासायला डोळे आणि वेळ लागेल. फॉन्ट ज्या संगणकावर आहे तो संगणक आज चालू आहे. मोडी पन्नास वर्षांनीही शिकता येईल, पण बंद पडलेल्या कंपनीचं कोष्टक शिकवणारं पुस्तक कुठेही मिळणार नाही.

प्रश्न असतील ते आता विचारा. आम्ही थांबतो.